इंग्रजी शिकवायला परदेशी: तासगावकडच्या एका पदवीधर मुलीचं प्रकरण

बी.ए. इंग्रजीचा निकाल लागला की एक प्रश्न ठरलेला असतो. बी.एड. नाही, अनुभव नाही, तिकडे ओळखीचं कुणी नाही, तरी परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी मिळेल का? सांगलीच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येत राहतो. त्याला 'हो' म्हणून पोरांना हुरळवणं जितकं वाईट, तितकंच 'नाही' म्हणून वाटेला लावणंही वाईट. म्हणून एकाच मुलीचं प्रकरण इथे सुरुवातीपासून मांडते आहे. तिची ओळख पटू नये म्हणून घरचे बारीकसारीक तपशील बदलले आहेत. कागदपत्रं, नियम आणि कशानंतर काय घडलं, हे मात्र जसंच्या तसं आहे.

मुलगी कोण, जवळ काय होतं

तासगाव तालुक्यातलं गाव. वडिलांची द्राक्षबाग, घरचा बेदाणा. दहावीपर्यंत शिक्षण मराठी माध्यमात, आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि मग गावातल्याच हायस्कुलात. राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यामुळे तिची इंग्रजीशी ओळख लहानपणीच झाली होती. पण वर्गात इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं. बोलायला ती अकरावीनंतर शिकली, हट्टाने. शिवाजी विद्यापीठातून बी.ए. इंग्रजी, निकाल जून २०२४, प्रथम श्रेणी. पासपोर्ट काढलेला होता. घरून पैशाची मदत होईल, पण ती बेदाण्याला दर कसा मिळतो त्यावर.

इथे काय मिळत होतं तेही पाहायला हवं. बी.एड. नसलेल्या मुलीला तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत आठ-दहा हजारांवर ठेवतात, तेही मे महिन्याचा पगार धरतील की नाही याची खात्री नसते. घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. कोरियात इंग्रजी शिकवणाऱ्या मुलामुलींचे व्हिडिओ ती मोबाईलवर बघायची. स्वच्छ वर्ग, राहायला घर, विमानाचं तिकीट शाळेकडून. तिने अर्जांचा सपाटा लावला. कोरिया, चीन, जपान, जिथे जाहिरात दिसेल तिथे अर्ज. बहुतेक ठिकाणांहून काहीच उत्तर आलं नाही. एक-दोन ठिकाणांहून दोन ओळींचा नकार आला.

त्यानंतर ती माझ्याकडे आली आणि पहिलं वाक्य होतं, "मॅडम, माझं इंग्रजी कमी पडतंय का?"

तिचं इंग्रजी कमी पडत नव्हतं. तिचे अर्ज कुणी वाचलेच नव्हते. पासपोर्ट कोणत्या देशाचा, या रकान्यापाशीच ते बाजूला पडले होते. हे तिला कळायला हवं होतं, कारण एकदा स्वतःच्या इंग्रजीवरचा विश्वास उडाला की मुलं प्रयत्नच सोडतात.

आधी कायदा, मग जाहिरात

आम्ही जाहिराती बाजूला ठेवल्या आणि एकेका देशाचा व्हिसाचा नियम घेऊन बसलो. प्रश्न एकच ठेवला: तिच्या हातात आज जे कागद आहेत, त्यांवर कोणता देश तिला कायदेशीरपणे इंग्रजीची शिक्षिका मानतो? देश आवडतो की नाही, हे नंतर.

दक्षिण कोरियात परदेशी भाषाशिक्षकांना ई-२ व्हिसा लागतो. इंग्रजीसाठी तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. सरकारी शाळांसाठीचा 'एपिक' हा कार्यक्रम १९९५ पासून चालू आहे, त्यालाही हीच यादी लागू. भारतासाठी एक बाजूची वाट आहे. भारत आणि कोरियाचा सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला आणि त्यात भारतीय इंग्रजी सहायक शिक्षकांचा विचार केलेला आहे. पण त्यासाठी पदवीबरोबर शिक्षक म्हणून पात्रता लागते, म्हणजे आपल्याकडचं बी.एड. ते तिच्याकडे नव्हतं.

चीनमध्ये २०१७ पासून परदेशी कामगारांच्या परवान्याची एकच पद्धत आली. त्यात इंग्रजी शिक्षकासाठी सर्वसाधारणपणे त्याच सात देशांचा पासपोर्ट बघतात, शिवाय अनुभव किंवा अध्यापनाचं प्रमाणपत्र. त्यात जुलै २०२१ मध्ये तिथल्या सरकारने खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध घातले आणि नवख्यांना घेणारी शेकडो केंद्रं बंद पडली. चीन बाजूला ठेवला.

जपानचा नियम वाचताना तिला सगळ्यात जास्त लागलं. तिथे शाळेत परकी भाषा शिकवण्याच्या 'प्रशिक्षक' व्हिसासाठी पासपोर्टवर अडत नाही, पण त्याच भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतल्या मुलीला हे सहज दाखवता येतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीला येत नाही, तिचं इंग्रजी त्या पुण्याच्या मुलीपेक्षा सरस असलं तरीही. खासगी संभाषण वर्गांचा व्हिसा वेगळा, तिथे पदवी चालते, पण त्या संस्थाही बऱ्याचदा ही बारा वर्षांची अट घालतात.

माझं मत मी इथे मोकळेपणाने मांडते. सात देशांची ही यादी अन्यायाची आहे. दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकलेल्या माणसाला व्याकरण कुठे अडतं, उच्चार कुठे घसरतो, हे स्वतःच्या अनुभवातून माहीत असतं. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला ते वेगळं शिकावं लागतं. पण व्हिसाच्या खिडकीवर हा वाद घालून काही हाती लागत नाही. यादी आहे हे धरूनच पुढे जावं लागतं.

आखाती देशांतल्या सी.बी.एस.ई. शाळा आणि मालदीवमधल्या शाळा भारतीय शिक्षकांना मोठ्या संख्येने घेतात. तिथे आपल्या पासपोर्टची अडचण नाही, पण बी.एड. आणि बहुतेक वेळा अनुभव लागतो. फ्रान्सची एक वाट फार थोड्यांना माहीत आहे. तिथल्या सरकारी शाळांत इंग्रजीचे भाषा-सहायक म्हणून भारतीय तरुणांना घेतात, आठवड्याला १२ तास, ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने. मात्र त्यासाठी फ्रेंच चांगली यायला हवी. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला किंवा आलियॉन्स फ्रॉन्सेजमध्ये फ्रेंच शिकणाऱ्या मुलांनी याची चौकशी जरूर करावी. तासगावच्या मुलीला ती वाट त्या वर्षी शक्य नव्हती.

उरले व्हिएतनाम आणि थायलंड. व्हिएतनाममध्ये भाषा केंद्रांसाठी २०१८ ची नियमावली आहे. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या शिक्षकाकडे पदवी, सी-१ म्हणजे प्रगत पातळीच्या इंग्रजीचा पुरावा आणि अध्यापनाचं प्रमाणपत्र असावं अशी सोय तिच्यात आहे. थायलंडमध्ये कोणत्याही विषयाची पदवी असलेल्याला शाळा घेऊ शकते. बी.एड. नसेल तर तिथल्या शिक्षक परिषदेकडून, म्हणजे खुरुसफाकडून, शाळा त्या शिक्षकासाठी दोन वर्षांची तात्पुरती परवानगी मागते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ९९० पैकी निदान ६०० गुण, किंवा त्या तोडीचे आयल्ट्सचे गुण मागायची तिथे रीत आहे.

व्हिएतनामच्या केंद्रांत काम बहुतेक संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी असतं, तर थायलंडमध्ये दिवसाची शाळा, ठरलेलं वेळापत्रक आणि शाळेच्या आवारात इतर शिक्षक असतात. घराबाहेर पहिल्यांदाच एकटं राहणार असलेल्या मुलीला दुसरं बरं, असं तिने आणि तिच्या आईने मिळून ठरवलं. थायलंड पहिला, व्हिएतनाम राखीव.

"आधी टुरिस्टवर जा"

देश ठरल्यावर पंधरवड्याच्या आतच पुण्याचा एक एजंट तिच्या संपर्कात आला. दीड लाख मागत होता. व्हॉट्सॲपवर ऑफर लेटर पाठवलं, पगार महिना ६०,००० बाट. मुलाखत नाही, शाळेचा पत्ता नाही, शाळेतल्या कुणाचं नाव नाही. "आधी टुरिस्टवर जा, वर्क परमिट तिकडे गेल्यावर पंधरा दिवसांत करून देतो," असं म्हणाला. वडील बेदाण्याच्या सौद्याची वाट बघत होते आणि दीड लाखाची जुळवाजुळव मनात सुरू झाली होती.

इथे मी जरा थांबते, कारण याच ठिकाणी मुलं अडकतात.

नवख्या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या शिक्षकाला थायलंडच्या साध्या शाळेत साधारण २० ते ३० हजार बाट मिळतात. त्याच जाहिरातींत सात देशांच्या पासपोर्टवाल्यांना ३५-४० हजार दिसतात. ६०,००० हा आकडा अनुभवी, पात्र शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय शाळांतला आहे. मुलाखतीशिवाय तो कुणी देत नाही.

टुरिस्ट म्हणून जाऊन काम करणं हा तिकडे गुन्हा आहे. परवान्याशिवाय काम करताना सापडल्यास ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि देशाबाहेर रवानगी. ही शिक्षा त्या मुलीला होणार, एजंटला नाही.

आपल्या कायद्यातही आधार आहे. उत्प्रवास कायदा १९८३ चा. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो आणि उमेदवाराकडून घेण्याच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जी.एस.टी. आहे. नोंदणी ई-मायग्रेट संकेतस्थळावर नावानिशी बघता येते. या माणसाचं नाव त्या यादीत नव्हतं. दहावी पास असल्यामुळे तिला उत्प्रवास मंजुरीची, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जायच्या सरकारी परवानगीची, गरज नव्हती, आणि एजंट तेच पुढे करून सांगत होता की 'तुम्हाला या सगळ्याची गरजच नाही.' मंजुरी लागत नाही म्हणून एजंटची नोंदणीही लागत नाही, असा अर्थ होत नाही.

आणखी एक गोष्ट मी तिच्या वडिलांना सांगितली. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर इशारा दिला होता: थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली भारतीय तरुणांना नेऊन, सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडी भागात ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलं जातंय. थायलंडच्या माए सोत गावासमोर, नदीच्या पलीकडे म्यावाडी आहे. त्यातली बरीच मुलं शिकलेलीच होती. प्रत्येक एजंट तसला असतो असं मी म्हणत नाही. पण शाळेचं नाव न सांगता टुरिस्ट व्हिसावर बँकॉकला उतरवणारा माणूस तुमच्या मुलीला कुठे नेईल, हे तुम्ही कसं बघणार?

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, शाळेचं नाव सांगितल्याशिवाय पोरगी जायची नाही." पुढच्या सगळ्या व्यवहारात हीच अट आम्ही धरून ठेवली.

पदवी आहे, पण कागद नाही

नव्या पदवीधराची खरी अडचण इथे आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. निकाल जूनमध्ये लागतो, गुणपत्रक मिळतं, तात्पुरतं प्रमाणपत्रही काढता येतं. मूळ पदवी प्रमाणपत्र मात्र पदवीदान समारंभानंतर हाती येतं, आणि तो व्हायला काही महिने जातात. परदेशातल्या शाळा, तिथलं कामगार खातं, शिक्षक परिषद, सगळ्यांना मूळ पदवीच लागते. तात्पुरत्या प्रमाणपत्रावर मुलाखत होते, परवाना होत नाही.

थायलंडचं शालेय वर्ष मेच्या मध्यावर सुरू होतं, दुसरं सत्र नोव्हेंबरच्या सुरुवातीला. तिला नोव्हेंबर गाठायची घाई होती. पदवी हातात नसताना ते शक्य नव्हतं, म्हणून मे २०२५ धरायचं ठरलं. असा काळ वाया जातो असं मुलांना वाटतं. तिचा तो वाया गेला नाही, ते पुढे येईलच.

पदवी हातात आली तेव्हा नावाचा घोळ निघाला. आपल्या बोर्डाच्या आणि विद्यापीठाच्या कागदांवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर तिचं आणि वडिलांचं नाव 'नाव' या रकान्यात, आडनाव वर वेगळ्या रकान्यात. आपल्याला यात काहीच वावगं दिसत नाही. पण नाव कुठे संपतं आणि आडनाव कुठे सुरू होतं हे ज्याला माहीत नाही, त्या अधिकाऱ्यासमोर ही दोन वेगळी माणसं असतात. त्यातून बारावीच्या गुणपत्रकावर वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त होता. तिने दोन्ही नावांची माणसं एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं, आणि अर्जात सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव, अक्षर न् अक्षर तसंच लिहिलं. माझा प्रत्येक विद्यार्थ्याला आग्रह आहे: दहावीचं प्रमाणपत्र, पदवी आणि पासपोर्ट शेजारी ठेवून स्पेलिंग आजच तपासा. बोर्डाकडची दुरुस्ती लागली तर तिला महिने लागतात.

मग साक्षांकन. पदवी आधी राज्याच्या उच्च शिक्षण खात्याकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, आणि मग गरजेप्रमाणे त्या देशाच्या दूतावासाकडून. अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा, करारातल्या सगळ्या देशांत चालणारा शिक्का. भारत २००५ पासून त्या करारात आहे, त्यामुळे करारातल्या देशांसाठी मंत्रालयाचा अपोस्टिल पुरतो. जो देश तो मानत नाही तिथे दूतावासाचा शिक्काही लागतो. आपल्या शाळेला नेमकं कोणतं साक्षांकन हवंय हे आधी लेखी विचारून घ्यावं, नाहीतर एकाच कागदाचा खर्च दोनदा होतो. तिने शाळेच्या ईमेलची प्रत काढून फाईलमध्ये लावली आणि तेवढंच करून घेतलं.

पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळतं, शुल्क ५०० रुपये. ते फार आधी काढलं तर जुनं म्हणून नाकारतात. तिने ते शाळा पक्की झाल्यावरच काढलं.

मधले महिने

जुलै ते फेब्रुवारी या काळात तिने तीन गोष्टी केल्या.

पहिली म्हणजे तालुक्याच्या एका क्लासमध्ये पाचवी ते आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवायला घेतलं. पैसे थोडे, पण रोज वर्गात उभं राहणं झालं. दुसरी, १२० तासांचा अध्यापन प्रमाणपत्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम. यात निवड करावी लागली. केंब्रिजचा सेल्टा हा त्यातला सगळ्यात मानाचा, कारण त्यात प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर सहा तासांचं अध्यापन तपासलं जातं. पण खर्च लाखाच्या पुढे जातो. वीस-बावीस हजार बाट पगाराच्या पहिल्या नोकरीसाठी एवढा खर्च करू नये, असं मी तिला सांगितलं आणि आजही माझं तेच मत आहे. मात्र ऑनलाइन अभ्यासक्रमात वर्ग नसतो, म्हणून क्लासमधलं शिकवणं सोडू नकोस, असंही बजावलं. तिसरी, टोइक. अभ्यास करून दिली, आठशेच्या वर गुण पडले.

या काळातली एक गोष्ट मला विशेष वाटते. मोबाईल खिडकीत उभा करून ती स्वतःचे पाठ चित्रित करायची आणि मला पाठवायची. एका पाठात तिने 'व्हाइन' आणि 'वाइन' हे दोन्ही शब्द एकसारखेच उच्चारले. वेल आणि दारू. मराठी माणसाच्या तोंडी दोन्हीचा सरळ 'व' होतो. मी ते दाखवल्यावर तिने आरसा घेतला. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून पहिला आवाज, दोन्ही ओठ गोल करून दुसरा. संध्याकाळी क्लासमधल्या पोरांकडूनही तिने तेच करून घेतलं. आरसा हातोहात फिरला, पोरं एकमेकांच्या ओठांकडे बघत म्हणत राहिली, आणि तासाच्या शेवटी डोळे मिटून कोणता शब्द आहे ते ओळखत होती. पुढच्या व्हिडिओत तिच्या बोलण्यात ते दोन आवाज स्वच्छ वेगळे आले होते.

मुलाखत

फेब्रुवारीत शाळांच्या जाहिराती भरपूर येतात, कारण मार्चमध्ये वर्ष संपतं आणि मेसाठी माणसं लागतात. या वेळी तिने निवडून अर्ज केले. 'फक्त मातृभाषिक' लिहिलेल्या जाहिराती सोडून दिल्या. अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं: भारतीय नागरिक, मूळ पदवी हातात, टोइक इतके गुण, मेपासून उपलब्ध. पाच मिनिटांच्या पाठाचा व्हिडिओ सोबत. आधी शेकड्याने पाठवलेल्या अर्जांना जी उत्तरं आली नव्हती, ती या थोड्या अर्जांना आली.

ईशान्य थायलंडमधल्या नाखोन रात्चासिमा प्रांतातल्या, म्हणजे लोक ज्याला कोरात म्हणतात तिथल्या, एका खासगी शाळेने ऑनलाइन मुलाखत घेतली. परदेशी शिक्षकांचं काम बघणाऱ्या बाई थाई होत्या, त्यांनी दहा मिनिटांचा पाठ घ्यायला सांगितला, तिसरीच्या मुलांसाठी. तिने 'व्हाइन-वाइन'चाच आरशाचा पाठ घेतला, फक्त लहान मुलांचे शब्द घालून: 'व्हॅन' आणि 'वन'. थाई भाषेतही 'व्ह' हा आवाज नाही, तिथली मुलंही त्या जागी 'व' म्हणतात, हे तिने आधी वाचून ठेवलं होतं. त्या बाई स्वतः आरसा घेऊन करून बघायला लागल्या.

मग त्यांनी विचारलं, "तुमची मातृभाषा इंग्रजी नाही. पालक विचारतात, आम्ही काय सांगायचं?"

तिचं उत्तर तयार नव्हतं, पण सरळ होतं. म्हणाली, मी दहा वर्षांची असताना मला इंग्रजीत एक वाक्य बोलता येत नव्हतं. तुमच्या मुलांना कुठे भीती वाटते ते मला माहीत आहे. दोन दिवसांनी करार आला.

करार वाचताना

महिना २५,००० बाट, त्या वेळच्या दराने साठ-पासष्ट हजार रुपये. आम्ही तो करार ओळ न् ओळ वाचला. तीन जागी प्रश्न विचारावे लागले.

पगार बारा महिन्यांचा की अकरा? मार्चनंतर शाळा बंद असते आणि काही शाळा त्या महिन्याचा पगार देत नाहीत. इथे एप्रिलमध्ये उन्हाळी वर्ग घेतले तर पगार, असं उत्तर आलं. ते करारात लिहून घेतलं. करार मध्येच सोडला तर दोन महिन्यांचा पगार कापू, असं कलम होतं. तिने नम्रपणे एक महिन्यावर आणा म्हटलं आणि त्यांनी आणलं. मुलांना वाटतं असं विचारलं तर नोकरी जाईल. चांगली शाळा प्रश्न विचारणाऱ्याला हाकलत नाही. तिसरं, मूळ पदवी आणि पासपोर्ट शाळा ठेवून घेणार का? नाही, दाखवून परत, हेही ईमेलवर लेखी घेतलं.

शाळेने तिकडच्या कामगार खात्यात आणि शिक्षण खात्यात कागद घातले आणि नोकरीचं पत्र व मंजुरीचे कागद पाठवले. त्यांवर तिने नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीसाठीच्या, व्हिसासाठी अर्ज केला. जानेवारी २०२५ पासून भारतातून थायलंडचा व्हिसा ऑनलाइन झाला आहे, त्यामुळे मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या रांगेत उभं राहावं लागलं नाही. व्हिसा ९० दिवसांचा. तिथे गेल्यावर वर्क परमिट, मग मुक्काम वर्षभराचा करून घ्यायचा, असा क्रम. आधी हा व्हिसा, मग तिकीट. तिकीट काढायची घाई घरच्यांना झाली होती, पण मंजूर झालेला व्हिसा हातात येईपर्यंत ती थांबली.

एकूण खर्च सव्वा लाखाच्या आसपास गेला. अभ्यासक्रम, परीक्षा, साक्षांकन, व्हिसा आणि विमानाचं तिकीट यांत निम्म्याहून थोडे अधिक. उरलेले तिकडे खोलीची अनामत आणि पहिला पगार होईपर्यंतच्या जेवणाखाण्याला. एजंटला द्यायच्या दीड लाखांपेक्षा हे कमी होतं आणि प्रत्येक रुपयाची पावती तिच्याकडे होती. त्यातला काही भाग क्लासमधून तिने स्वतः साठवला होता, उरलेला बेदाण्याचा.

कोरातमध्ये

सकाळी साडेसातला शाळा. काही दिवस गेटवर उभं राहून मुलांचं स्वागत करायची ड्युटी. आठ वाजता झेंडा वर जातो, राष्ट्रगीत होतं, मग तास. वर्गात चाळीसच्या वर मुलं, आठवड्याला वीस-बावीस तास, उरलेला वेळ वह्या आणि पाठाची तयारी. शाळेजवळ खोली मिळाली. भाजी-भात-मासे स्वस्त, पण शाकाहारी जेवण सांगून करून घ्यावं लागतं, कारण फिश सॉस सगळ्यात असतो. पहिल्या आठवड्यात तिला घरची आठवण काढून रडू यायचं, हेही तिनेच सांगितलं आणि इथे लिहायला परवानगी दिली.

वर्क परमिट झालं, मुक्कामाची मुदत वाढली, दर ९० दिवसांनी पत्त्याची नोंद इमिग्रेशनला द्यावी लागते ती ती स्वतः देते. पगार वेळेवर होतो. खोली, जेवण, फोन भागून घरी पैसे पाठवता येतात. श्रीमंत होण्याइतके नाहीत. त्याच शाळेतल्या एका दक्षिण आफ्रिकेच्या शिक्षकाला तेवढ्याच तासांना जास्त पगार आहे. तिला त्याचा राग आहे आणि तो असायलाच हवा. तिने तो व्यवस्थापनाला एकदा शांतपणे बोलून दाखवला. पुढच्या करारात वाढ देऊ, असं सांगितलंय. लेखी अजून आलेलं नाही.

शिक्षक परिषदेची तात्पुरती परवानगी मात्र दोन वर्षांची आहे. पुढे ती वाढवणं नुसत्या बी.ए.वर दरवेळी अवघड होत जातं. म्हणून ती आता बी.एड.चा विचार करते आहे. बी.एड. झालं तर आखातातल्या सी.बी.एस.ई. शाळा, मालदीव आणि कोरियाची ती करारातली वाट, तिन्हीकडे तिला अर्ज करता येईल. पण महाराष्ट्रातून दोन वर्षांचं बी.एड. करायचं तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते, म्हणजे नोकरी सोडून परत यायचं. शाळेला नव्या वर्षाचा होकार-नकार आधी कळवायचा असतो आणि इथल्या प्रवेश परीक्षेचे अर्जही साधारण त्याच सुमारास निघतात. अजून एक वर्ष तिथे काढून पैसे साठवावेत आणि मग परत यावं, असं तिचं म्हणणं आहे. वडिलांना ती लगेच यायला हवी आहे. आई म्हणते, पोरीला ठरवू दे.